कुंदाबाईंचा चुकांचा तास

अन्वी, इशान,

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं की अन्वीचं एक गणित चुकलं, बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि अन्वी संध्याकाळभर कुणाशी बोलली नाही. फोन ठेवला आणि मला कुंदाबाई तायडे आठवल्या. त्यांनी अन्वीची समजूत वगैरे काढली नसती. तो कागद मागून घेतला असता, चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरला असता आणि विचारलं असतं, "अरे बाप्पा! हे कसं काय सुचलं तुले?" आणि ते अगदी मनापासून, उत्तर हवं म्हणून विचारलं असतं.

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. आता पाहताही येणार नाही. मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला त्या गेल्या. त्यांच्यावर दोन-चार शब्द छापून आले, त्यात 'कर्तव्यदक्ष' आणि 'मनमिळाऊ' असे शब्द होते. वाचून मला त्यात त्या कुठेच सापडल्या नाहीत. म्हणून मी माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे.

अमरावतीला शिक्षकांना शिकवणारी एक सरकारी संस्था आहे, तिथे कुंदाबाई शिकवत. आमच्या कॉलनीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत आणि शनिवारी दुपारच्या गाडीने अकोल्याला आईकडे जात. ठेंगण्या, सावळ्या, खांद्याला कायम एक खादीची पिशवी, आणि वाक्य पुरं होण्याआधी हसू यायचं. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा होईपर्यंत स्वयंपाकघरात उभ्या राहून माझे डबे बघत होत्या. माझ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आहेत आणि ते वर्णानुक्रमाने लावलेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे.

"ताई, हळद रोज लागते आन ती सगळ्यात शेवटी. कावून?"

"'ह' शेवटी येतो म्हणून."

"असं व्हय," त्या म्हणाल्या आणि मान डोलावली. टीका नव्हती ती. एका माणसाच्या डोक्यात एक गोष्ट अशी का बसली आहे, हे समजल्याचं समाधान होतं. 'कावून' म्हणजे का. वऱ्हाडात हा शब्द पुष्कळदा भांडणाच्या सुरात येतो, पुण्याच्या माणसाला तो अंगावर आल्यासारखा वाटतो. कुंदाबाईंच्या तोंडी तो लहान मुलाने खिडकीतून डोकावावं तसा यायचा.

त्या पिशवीत काय असे ते मला पुढे कळलं. आमच्या कोपऱ्यावर फुटाणेवाला बसे. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत घेऊन तो त्यांच्या पुड्या करायचा. कुंदाबाई त्याच्याकडून पुडी घेत, उलगडत, फुटाणे पदरात ओतत आणि उभ्या उभ्या कागद वाचत. त्यांना बरोबर उत्तरांत रस नव्हता. "बरोबर उत्तर सगळ्याईचं सारखंच असते. त्याच्यात पाहण्यासारखं काय हाये?" चुकलेलं उत्तर मिळालं की पुडी घडी होऊन पिशवीत. फुटाणेवाला मला म्हणाला होता, "मॅडमले फुटाणे नाही, कागदच पाह्यजे. तिखट-मीठ लावू का इचारलं, तं म्हणे नको, शाई पुसते."

एक पुडी त्या माझ्याकडे धावत घेऊन आल्या होत्या. प्रश्न होता: समुद्राचे पाणी खारट का असते? उत्तर: 'आमच्या विहिरीतून जाते म्हणून.' शून्य गुण. दर्यापूर, भातकुलीकडची ती सगळी पट्टी खाऱ्या पाण्याची. तिथल्या विहिरीच्या पाण्याचा चहासुद्धा किंचित खारट लागतो. त्या मुलाने समुद्र कधी पाहिला नसणार. त्याने आपल्या गावावरून समुद्राचा अंदाज बांधला होता.

"आन ताई, मीठ जमिनीतूनच तं वाहून जाते समुद्रात! निम्मं बरोबर हाये हे. कोन्या मास्तरनं शून्य देलं असन?"

नावाचा कोपरा फाटलेला होता. त्या मुलाला शोधता येणार नाही याची त्यांना खरोखर हळहळ वाटली. त्यांचं एक वाक्य होतं, ते त्या शिक्षकांच्या प्रत्येक वर्गात सांगत: "चूक काई आभायातून पडत नाही." आभाय म्हणजे आभाळ. म्हणजे मुलाने चूक केली तर तिच्यामागे त्याचा काहीतरी विचार असतो. तो आधी शोधा, मग शिकवा.

यातूनच 'चुकांचा तास' निघाला. कल्पना साधी. रोज एका तासाला शिक्षकाने वर्गातलं एक चुकलेलं उत्तर, नाव न सांगता, फळ्यावर लिहायचं. बरोबर उत्तर सांगायचं नाही. मुलांनी हुडकून काढायचं की हे ज्याने लिहिलं त्याच्या मनात काय आलं असेल. मी स्वतः एक तास पाहिला आहे. फळ्यावर होतं: ५२ वजा ३८ बरोबर २६. एका मुलीने सांगितलं, "आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन."

"पन आठ तं खाली हाये. खालच्यातून वरचे कावून काढले?" कुंदाबाईंनी विचारलं.

"दोनापाशी आठ नाहीच ना मॅडम. ज्याच्यापाशी जास्त हाये, त्यालेच द्या लागते."

कुंदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांना संत्र्यांची बागच बक्षीस दिली. मग मुलांनीच भांडून भांडून ठरवलं की दोनाने शेजारच्या पाचाकडे जावं, खालच्या आठाकडे नाही.

आता सरकार यात कुठे आलं ते सांगते. सरकार शाळा बांधतं, पुस्तकं देतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण शिकवण्याची एखादी नवी रीत कुणाला सुचली तर ती करून पाहायला पैसा देणारी एक योजना त्या सुमारास निघाली होती. अट अशी की आधी थोड्या शाळांत ती रीत वापरायची, तशाच दुसऱ्या थोड्या शाळांत वापरायची नाही, आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडच्या मुलांची एकच परीक्षा घेऊन फरक दाखवायचा. फरक दिसला तर दुसऱ्या टप्प्यात साऱ्या जिल्ह्यासाठी पैसा. प्रस्ताव इंग्रजीत हवा होता आणि माझं इंग्रजी बरं, म्हणून कुंदाबाई माझ्याकडे आल्या होत्या. त्या वऱ्हाडीत सांगत, मी इंग्रजीत लिही. मध्येच त्या विचारत, "एवढं लांब कावून झालं? मी तं दोनच शब्द बोलली."

पुण्याला निवड समितीपुढे त्या एकट्याच गेल्या. परत आल्यावर नक्कल करून दाखवली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण तायडे मॅडम, यात नावीन्य काय? ॲप नाही, टॅबलेट नाही, साहित्यपेटी नाही. खडू आणि फळा तर आहेच."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सर, चूक जुनीच हाये. आतापर्यंत आपन तिच्यावर फुली मारत होतो. थांबून पाहणं नवीन हाये. आन ते उपयोगाचं हाये का, हे मलेबी माहीत नाही. तेच तं पाहाचं हाये."

पैसा मंजूर झाला.

दर्यापूर तालुक्यातल्या शाळा निवडल्या. कुणाला तास मिळणार आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं, सगळ्यांसमोर. मुख्याध्यापक आले, काही सरपंचही आले. चिठ्ठ्या निघाल्या तसे एक उंच सरपंच उभे राहिले. डोक्याला टॉवेल बांधलेला, आवाज सभागृह भरून उरणारा.

"ओ मॅडम, शेजारच्या गावाले तास, आमाले भोपळा! आमच्या गावानं काय पाप केलं?"

"पाप नाही केलं, पाटील. माही रीत फालतू निघाली तं तुमचे पोट्टे वाचले समजा."

लोक हसले. सरपंच काही बसले नाहीत. "आन चांगली निघाली तं?"

कुंदाबाई हसायच्या थांबल्या. "तं दुसऱ्या टप्प्यात पयले तुमचं गाव, आन ज्याईले आज नाही भेटला ते सारे. हा माहा शब्द हाये."

हा शब्द त्यांनी त्या दिवशी तिथल्या तिथे दिला. आमच्या इंग्रजी कागदात तो कुठेच नव्हता. पण पुढचं वर्षभर त्या दुसऱ्या टप्प्याबद्दल बोलताना योजनेचं नाव घेत नसत, त्या गावांची नावं घेत.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. ज्या शाळांत तास होता तिथली मुलं चांगली पुढे गेली. ज्या शाळांत नव्हता तिथली मुलंही जवळजवळ तितकीच पुढे गेली. फरक असा काही उरलाच नाही.

मला वाटलं होतं त्या खचतील. त्या माझ्या दारातल्या ओट्यावर बसल्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "हे मुलं कावून वाढले ताई? काईच केलं नाही तिथं आपन." संस्थेचे प्राचार्य म्हणाले, पाऊसपाणी बरं झालं, मुलं शाळेत टिकली. दुसरं कुणी म्हणालं, पेपर फुटला असेल. कुंदाबाईंना यातलं काही पटेना. न निवडलेल्या गावांत त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या, मुद्दाम. आपण गेलो तर तिथल्या शिक्षकांवर आपला परिणाम होईल, म्हणून. आता परीक्षा उरकली होती, जायला हरकत नव्हती. खात्याच्या गाडीत त्यांनी मलाही बसवलं.

आम्ही त्या उंच सरपंचांच्याच गावी गेलो. शाळेत इंगळे मॅडम तिसरीच्या वर्गावर होत्या. आम्ही दारात उभ्या राहिलो आणि दोघींची नजर एकदमच फळ्यावर गेली. फळ्यावर एक चुकलेलं गणित होतं. खाली मुलांचे तर्क.

इंगळे मॅडमनी खडू ठेवला आणि अगदी आनंदाने म्हणाल्या, "या ना मॅडम! तुमचंच हाये हे!"

कुंदाबाई दारातल्या पायरीवरच बसल्या. "कुठून आलं हे तुमच्यापाशी?"

"जीपमधून."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडचे बरेच शिक्षक अमरावतीला राहतात आणि रोज खेड्यातल्या शाळेत जाऊन येतात. याला सगळे 'अपडाऊन' म्हणतात. एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून आठ-दहा जण मिळून एक जीप ठरवतात. ती वाटेत एकेकाला ज्याच्या त्याच्या फाट्यावर उतरवत जाते. म्हणजे चिठ्ठीत निघालेल्या शाळेचे मास्तर आणि न निघालेल्या शाळेच्या बाई रोज गुडघ्याला गुडघा लावून बसत होते. कुंदाबाईंनी गावं वेगळी केली होती. पण मास्तर गावात राहतच नव्हते. कुंदाबाई नेहमी खात्याच्या गाडीने फिरत, त्यामुळे जीपमध्ये काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मानकर सर, त्याईच्या शाळेत तास होता ना, ते रोज सांगत, आज पोरांनी काय भारी चूक केली ते," इंगळे मॅडम म्हणाल्या. "आमी हासत याचो. मंग वाटलं, आपल्या वर्गात पाहू बरं कोन काय चुकते. आमाले कोनी नको थोडंच म्हटलं होतं!"

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. नको म्हणायला हवं हे कुंदाबाईंना सुचलंच नव्हतं.

कुंदाबाईंनी खात्याची गाडी रिकामी परत पाठवली आणि संध्याकाळी आम्ही त्या जीपमध्ये चढलो. मधल्या सीटवर चौघी, पायाशी डबे आणि कुणाचा तरी कोबी. पुढच्या फाट्यावर मानकर सर चढले, जाडजूड, मिशीवाले. चढता चढताच कुणीतरी विचारलं, "सर, आजचा स्कोअर?"

"आज तं सिक्सर! एक पोट्टं म्हणते, पाव हा अर्ध्याहून मोठा, कावून का चार दोनापेक्षा मोठे..." तेवढ्यात त्यांना कुंदाबाई दिसल्या.

"मॅडम, चुकलंच आमचं," मानकर सर म्हणाले. "तुमच्या प्रयोगाचा पार कचरा झाला म्हणतात."

"झाला ना," कुंदाबाई म्हणाल्या. "पन त्या पोट्ट्यानं पुढं काय म्हटलं? पावाचं?"

अमरावती येईपर्यंत त्या पाव आणि अर्ध्यावर बोलत होत्या. मी मात्र विचार करत होते की आता अहवालात काय लिहायचं.

तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सोडवून दिला. भला माणूस होता तो, कुंदाबाईंचं बरं व्हावं म्हणूनच म्हणाला. ज्या न निवडलेल्या शाळांत तास शिरला तेवढ्या गाळून टाका, उरलेल्या शाळांशी तुलना करा. फरक दिसेल. दुसरा टप्पा मिळेल. गावांना दिलेला शब्दही राहील. कुंदाबाईंनी आकडे मांडून पाहिले, फरक खरोखर दिसत होता. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि तो माझ्यासमोर ठेवला.

"लिहायचं का असं?" मी विचारलं.

"ज्या मास्तरले आपल्या पोराईची हौस, त्यानंच जीपमधून उचललं ना हे? मंग मी त्या हौशी मास्तराईच्या शाळा काढल्या, तं माग राहिले कोन? ज्याईले काईच कराचं नव्हतं ते. त्याईच्याशी तुलना करून म्हनाचं का, पाहा माहा तास कसा भारी?" त्यांनी मान हलवली. "उत्तर पाहून गणित बदललं ताई हे. पोरगं असं करते तं आपन त्याले इचारतो, कावून केलं? मले कोनी इचारलं तं काय सांगू?"

"आणि गावांना दिलेला शब्द?"

त्यांनी आकड्यांचा तो कागद घडी करून पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "जीपचं सगळं लिहा. आन शेवटी लिहा, तासानं फायदा होते का, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. साधं लिहा. दोन शब्दात."

मी तसं लिहिलं. दुसरा टप्पा नामंजूर झाला.

त्या बातमीच्या दिवशी त्या गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दह्यात भिजवलेला वडा, बांधून घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून खाल्ला. त्याच आठवड्यात त्या उंच सरपंचांकडे गेल्या होत्या, शब्द राहिला नाही हे सांगायला. तिथून आल्या तेव्हा जरा गोंधळल्यासारख्या दिसत होत्या. सरपंच म्हणाले होते, "मॅडम, आमी का तुमच्या भरवशावर बसलो होतो? इंगळेबाईनं तं कवाचाच सुरू केला." आणि चहा पाजून वाटेला लावलं होतं. आपल्या हातून एखादी गोष्ट निसटली आणि ती आपल्याशिवाय नीट चालते आहे, याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी योजनेत पुन्हा अर्ज मागवले. कुंदाबाईंचा अर्ज तयारच होता. तास तोच. गावांऐवजी या खेपेला त्या जीपवर चिठ्ठ्या टाकणार होत्या. एका जीपमधल्या सगळ्यांना तास द्यायचा, दुसऱ्या जीपमधल्या कुणालाच नाही. शिवाय एक नवा प्रश्न जोडला होता: शिक्षकाला एखादी रीत खात्याच्या आदेशाने लवकर शिकता येते की शेजारी बसलेल्या माणसाकडून? दर्यापूरला आता ते पाहणं शक्य नव्हतं, तिथे तास सगळीकडे झाला होता. म्हणून वरूड तालुका निवडला. पुण्याला गेल्या तर मागच्या वेळचे तेच गृहस्थ समोर. ते म्हणाले, मागच्या अहवालातलं जीपचं पान आम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि या खेपेला पैसा आम्ही तेवढ्या एका पानामुळे देतो आहोत. कुंदाबाई हे सांगताना जरा लाजल्या.

पण निकाल यायला वेळ लागणार होता आणि त्याआधीच त्या सेवेतून निवृत्त होणार होत्या. अहवालावर सही त्यांच्या जागी येणाऱ्या प्राध्यापकांची होणार होती.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला वरूडला नेलं. संत्र्यांचा हंगाम होता. अड्ड्यावर ट्रकांमध्ये पेट्या चढत होत्या आणि सालींचा वास हवेत होता. एका बाजूला शिक्षकांच्या जीप उभ्या होत्या. चिठ्ठ्या आधीच निघाल्या होत्या, कुणाला काय मिळालं ते प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि त्यांची आपसात चेष्टा चालली होती. कुंदाबाईंना एका जीपमधून जायचं होतं, ती तास मिळालेली की न मिळालेली ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

मी विचारलं, "कुंदाबाई, खरं सांगा. काय वाटतं तुम्हाला? या खेपेला तासाचा फायदा दिसेल ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अगदीच काहीतरी विचारलं असावं तसं.

"मले कसं माहीत असन ताई? माहीत असतं, तं सरकारले पैसा कायले मांगतला असता?"

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. त्या चढल्या, मधल्या सीटवर दोन शिक्षिका सरकल्या, पिशवी मांडीवर आली. मी हात वर केला. पण जीप वळण घेत होती, आणि कुंदाबाई शेजारच्या बाईंकडे तोंड करून केव्हाच त्यांना काहीतरी विचारायला लागल्या होत्या. त्या बाई उत्तर देताना हसत होत्या, एवढं मला काचेतून दिसलं.